दांड्याच्या अलीकडे

दिवाळीला घरी आलेल्या पुतणीनं पहिल्याच सकाळी माझ्याकडे दोन बांबू मागितले. सरळ हवेत, गाठी तासलेले हवेत, दहा-अकरा फुटांचे हवेत. मांडवाच्या सामानातले दोन निवडून दिले. मला वाटलं, आता ही ते कमरेइतक्या उंचीवर बांधणार आणि त्यांवरून उड्या घेणार. घोड्यावरच्या उडीचीच तर तिची स्पर्धा. तिनं ते वावरात नेले, धुऱ्यालगतच्या मोकळ्या पट्टीत जमिनीवर आडवे टाकले आणि एका बांबूपासून दुसऱ्या बांबूपर्यंत नुसती चालू लागली. जायची, थांबायची, परत यायची. ओठ हलत होते. शेजारच्या पऱ्हाटीत वेचणी चालली होती. ओटीत कापूस भरणाऱ्या बायांपैकी एकीनं विचारलं, "काय हरवलं वो पोरीचं?"

हरवलं काही नव्हतं. ती पावलं बसवत होती.

"मोठेबाबा, तुमच्या पऱ्हाटीचं तास किती फुटावर हाये?"

"तीन."

"मंग झालं. माझं पाऊलबी तीनच फुटाचं पाह्यजे. ना कमी, ना जास्त. चार पावलं म्हंजे घोड्याची एक ढांग."

मग बांबू सोडून ती पऱ्हाटीत शिरली आणि ओळी आडव्या ओलांडत निघाली. एका ओळीला एक पाऊल. चार ओळी झाल्या की बोट मिटायची. चार ओळी, बारा फूट, घोड्याची एक ढांग. मी धुऱ्यावर उभा राहून पाहत होतो. अल्लीपूरच्या या काळ्या जमिनीत माझं अर्धं आयुष्य ओळी पाडण्यात गेलं. डवरा फिरावा, झाडाला हवा लागावी, वेचणाऱ्या बाईला वाकता यावं, एवढ्यासाठी आम्ही ते अंतर धरतो. त्याच अंतरात पाचशे किलोच्या घोड्याचं धावणं मावतं, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. ओळींकडे पाहण्याची माझी नजर तेव्हापासून थोडी बदलली, हे खरं.

तिनं मला सगळं समजावून सांगितलं, तेही जमिनीवर काडीनं रेघा ओढून. स्पर्धेच्या मैदानात रंगीत दांड्यांचे दहा-बारा अडथळे ठरावीक क्रमानं मांडलेले असतात. काही सरळ उभे, त्यांना व्हर्टिकल म्हणतात. काहींना पुढं-मागं दोन रांगा, म्हणजे उंचीही ओलांडायची आणि रुंदीही. तो ऑक्सर. आंतरराष्ट्रीय मैदानावरच्या सर्वांत मोठ्या स्पर्धांत हे अडथळे 1 मीटर 60 सेंटिमीटरच्या आसपास जातात. माझ्या पुतणीची उंचीही साधारण तेवढीच. तिच्या स्पर्धेतले दांडे अर्थात बरेच खाली असतात. पण हिशोब तोच. दांडा पडला की 4 गुण दंड. घोडा अडला, वळला, तर पहिल्या वेळी 4, आणि आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दुसऱ्या वेळी थेट बाद. स्वार खाली आला तरी बाद. दांडे घट्ट बसवलेले नसतात. उथळ कपांत नुसते ठेवलेले असतात. खुराचा निसटता स्पर्श झाला तरी घरंगळतात. कधी स्पर्श होऊनही दांडा कपातल्या कपात हलतो, थरथरतो आणि राहतो. त्या थरथरीकडे पाहणं फार अवघड असतं, असं ती म्हणाली.

स्पर्धेआधी स्वारांना तो मार्ग पायी चालून पाहू देतात. इतरांना वाटतं, फेरफटका चाललाय. प्रत्यक्षात प्रत्येक जण पावलं मोजत असतो. पहिल्या अडथळ्यापलीकडे घोडा उतरतो तिथं दोन पावलं सोडायची, पुढच्या अडथळ्याआधी तो पाय उचलतो तिथं दोन सोडायची. मधली पावलं चारांनी भागायची. सोळा पावलांचं अंतर असेल तर चार वजा, बारा उरली, म्हणजे मधे तीन ढांगा. सतरा असेल तर? तीन ढांगा जरा लांबवायच्या, की आवरून चार करायच्या? ज्याला आपला घोडा ठाऊक आहे, त्यालाच उत्तर येतं. आणि ते आत शिरण्याआधी यावं लागतं.

"घोड्याले दाखवते का मग तो रस्ता?" मी विचारलं.

"नाई. त्याले काईच दाखवत नाई. तो आत येते तवाच पहिल्यांदा पाह्यते."

हे वाक्य माझ्या मनात बसलं. एक जण रस्ता चालून आलेला, दुसऱ्यानं तो पाहिलेलाही नाही. आणि उडी घ्यायची ती दुसऱ्यानं.

आमच्या बोलण्यात घोडं पावलोपावली येतं. काम अडलं की घोडं पेंड खातं, पार पडलं की घोडं गंगेत न्हालं, उशीर झाला की वरातीमागून घोडं, परीक्षा जवळ आली की घोडामैदान जवळच आहे. पण गावात घोडा कुठं आहे? हिंगणघाट तालुक्यातल्या कापसाच्या गावांत बैल आहेत, म्हशी आहेत, आता ट्रॅक्टर आहेत. घोडा येतो तो लग्नाच्या मोसमात, झूल घालून, बँडच्या मागं. लहानपणी पाहिलेला तो वरातीचा घोडा मला आठवतो. डोळ्यांशेजारी फटाके फुटत आणि तो एका जागी उभा राहून कातडी थरथरवत असे. आपल्या भाषेत घोडा उरला आणि अंगणातून गेला, याची मला नेहमी हळहळ वाटते. याच मुलुखातून नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ निघत असे. 1740 च्या दशकात रघूजी भोसल्यांचे स्वार बंगालपर्यंत गेले आणि तिकडच्या अंगाईगीतांत 'बर्गी' होऊन राहिले. तो शब्द आपला बारगीर. त्या गीतांत बर्गी भीती दाखवायला येतो, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

बारगीर आणि शिलेदार यांतला फरक आम्हाला शाळेत शिकवला होता. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. माझी पुतणी बारगीर आहे. नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं एनसीसीचं रिमाउंट अँड व्हेटर्नरी पथक आहे. तिथल्या मुलामुलींना घोडे सरकारकडून मिळतात. जानेवारीत दिल्लीला प्रजासत्ताक दिनाचं शिबिर भरतं. देशभरातल्या अशा पथकांतले निवडलेले स्वार तिथं एकमेकांसमोर उतरतात. तिची सारी धडपड त्या निवडीसाठी आणि त्या मैदानासाठी.

हे मुद्दाम सांगतो, कारण हा खेळ पैशाचा आहे. उडीसाठी तयार केलेला परदेशी घोडा लाखांच्या पुढं जातो. शिवाय त्याचं खाणं, नालबंदी, डॉक्टर, ने-आण. कापसाच्या भावावर ज्यांचं वर्ष ठरतं, त्या घरातल्या मुलीनं शिलेदार व्हायचं म्हटलं तर वावर विकावं लागेल, आणि तेही पुरणार नाही. सरकारी पागा आहे म्हणून अल्लीपूरची पोरगी खोगिरावर बसली. या देशाचं घोडेस्वारीतलं बरंचसं नाव अशाच पागांनी कमावलं आहे. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत 'शहजादा' घोड्यावरून रघुवीर सिंगांनी इव्हेंटिंग या तीन परीक्षांच्या स्पर्धेचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, सांघिक सुवर्णही आलं. ती सगळी फौजेची माणसं. या पागा राहिल्या पाहिजेत, वाढल्या पाहिजेत. हे मी एका बारगिराचा मोठेबाबा म्हणून बोलतो.

डिसेंबरात मी नागपूरला गेलो, तिचा सराव पाहायला. हिंगणघाटहून पहाटेची एसटी धरली. जामच्या चौकात धुकं इतकं होतं की समोरच्या ट्रकचे दिवेच दिसत होते. मैदानावर पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. मला वाटलं होतं, उड्या चालल्या असतील. ती तबेल्यात होती. घोड्याचा पुढचा पाय आपल्या दोन गुडघ्यांत धरून, वाकून, लोखंडी आकड्यानं खुरातली माती काढत होती.

ते जवळून पाहिलं. खुराच्या तळाला मधोमध रबरासारखा मऊ त्रिकोण असतो. तिथं खडा अडकला की घोडा लंगडतो. ती आकडा नेहमी टाचेकडून पुढं ओढत होती, उलटा कधीच नाही. माती निघाली की अंगठ्यानं तो त्रिकोण दाबून बघायची, मग नाक जवळ नेऊन वास घ्यायची. कुजका वास आला तर समजायचं, ओल मुरली. एक पाय झाला की त्याच हातानं घोड्याच्या खांद्यावरून पाठीवर, पाठीवरून मांडीवर, असा हात फिरवत मागं जायची. हात अंगावरून उचलायचाच नाही. मी कारण विचारलं. म्हणाली, मागं आपण त्याला नीट दिसत नाही, हात सुटला तर तो दचकतो. हात असला की त्याला कळतं, आपलंच माणूस आहे.

घोडा कुमैत रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा, वयानं पोक्त. तो तिचा एकटीचा नाही. आणखी दोन-तीन जण त्याच्यावर शिकतात. सईस त्याला तिच्याहून जास्त ओळखतो. तिच्या वाट्याला दिवसातले मोजके तास येतात. त्यातला बराच वेळ ती अशी खाली, त्याच्या पायाशी घालवते. खरारा, पाणी, मग थोडं खाणं. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. एकदा पोटात चुकीचं गेलं की शूळ उठतो, आणि त्या शुळानं घोडी जातात. म्हणून थोडं-थोडं, वेळच्या वेळी, न बदलता. बैलाला आम्ही अंबोण दाखवतो तेव्हा एवढा विचार करत नाही. बैलाला रवंथ आहे. घोड्याला ती सोय नाही.

त्या दिवशी एकही उडी झाली नाही. आधी अर्धा तास नुसती चाल, मग दुडकी, मग जमिनीवर टाकलेल्या पाच-सहा दांड्यांमधून दुडकी. घोडा मान खाली घालून, प्रत्येक दांड्यामध्ये एकेक पाय नेमका टाकत जात होता, जणू तोही मोजत होता. मग कॅन्टर, म्हणजे दुडकीहून वेगाची धाव. सरळ, गोल, परत सरळ. दोन दांडे जमिनीवर, मधे ठरलेलं अंतर. पाच ढांगांत गाठायचं, मग त्याच अंतरात सहा, मग परत पाच. तेच तेच, तासभर. थंडीतही दोघांच्या अंगातून वाफ निघत होती.

मी सईसाला विचारलं, उडी कधी? तो म्हणाला, आठवड्यातून दोन दिवस, तेही मोजून. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस नसतं. हाड, कातडी आणि दोरीसारख्या शिरा. उडीवरून उतरताना सगळं वजन क्षणभर एका पायावर येतं. त्या शिरांना किती उड्या सोसतील याचा अंदाज घेत माणसं काम करतात. घोड्याच्या आयुष्यात उड्या मोजक्या असतात. त्या सरावात उधळल्या तर मैदानात काय उरणार?

तिथं कठड्याला टेकून उभा असताना मला उमगलं की या खेळाची तयारी म्हणजे उडी मारणं नव्हे. तयारी म्हणजे उडी राखून ठेवणं. लोकांना दिसते ती हवेतली एक-दोन क्षणांची कमान. तिचं बरं-वाईट दांड्याच्या अलीकडेच ठरून गेलेलं असतं, शेवटच्या तीन ढांगांत, त्याआधीच्या वळणात, त्याआधीच्या सकाळी खुरातून निघालेल्या खड्यात. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. पीक पोळ्याला दिसतं, पण ठरतं ते वखरणीत.

पोळ्यावरून आठवलं. नवा गोऱ्हा जोताला लावतो तेव्हा आम्हीही त्याला लगेच नांगर देत नाही. आधी नुसतं जू खांद्यावर, मग ओंडका ओढायला, आणि शेजारी कायम जुना, शहाणा बैल. गोऱ्हा माणसाकडून कमी आणि त्या बैलाकडून जास्त शिकतो. मैदानात घोड्याला असा सोबती नसतो. त्याला पाठीवरच्या माणसावरच भिस्त ठेवावी लागते.

आणि ती भिस्त किती मोठी, हे कळायला घोड्याचा डोळा समजून घ्यावा लागतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळजवळ चहूकडचं दिसतं, कारण त्याचे पूर्वज गवतात चरताना मागून येणाऱ्या वाघरावर नजर ठेवत जगले. पण कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग त्याला दिसत नाही. दांडा दूर असतो तेव्हा दिसतो. उडीसाठी पाय उचलायच्या क्षणी तो त्या आंधळ्या जागेत गेलेला असतो. म्हणजे घोडा उडी घेतो ती आठवणीवर, आणि पाठीवरच्या माणसानं दिलेल्या भरवशावर. रंगही त्याला आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा-पिवळा कळतो, तांबडा आणि हिरवा एकमेकांत मिसळतात. आपल्याला झळझळीत वाटणारा नारिंगी दांडा त्याला हिरवळीवर फिकट दिसतो. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग काढून पांढरा द्यायचं ठरलं ते याच कारणानं.

हा भरवसा नसला तर काय होतं, ते साऱ्या जगानं 6 ऑगस्ट 2021 ला टोकियोत पाहिलं. मॉडर्न पेंटाथलॉन या खेळात तेव्हा स्वाराला अनोळखी घोडा मिळायचा, ओळख करून घ्यायला 20 मिनिटं. जर्मनीची अन्निका श्लॉय सुवर्णाच्या वाटेवर होती. तिच्या वाट्याला आलेला 'सेंट बॉय' हा घोडा पुढं जाईना. ती पाठीवर बसून रडत होती, घोडा उलटा सरकत होता. ते दृश्य मी पुतणीबरोबर तिच्या मोबाइलवर पाहिलं. मला त्या मुलीची दया आली. पुतणीला घोड्याची आली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. 20 मिनिटांत भरवसा मिळत नाही, हे मान्य करायला त्यांना एवढी वर्षं लागली.

तिचं स्वतःचंही एकदा असं झालं. गेल्या साली एका सरावात, दुसऱ्याच मैदानावर, घोडा ऐन दांड्याजवळ थबकला आणि ही त्याच्या मानेवरून पुढं गेली. हासळीचं हाड मोडलं. घरी आणलं तेव्हा तिची आई आठ दिवस कोणाशी धड बोलली नाही. मी एकदा हळूच विचारलं, घोड्यानं दगा दिला का. ती म्हणाली, "नाई मोठेबाबा. माझी नजर खाली गेली. मी दांडा पाह्यला."

शिकवणारे पहिल्या दिवसापासून सांगतात, दांड्याकडं पाहू नका, दांड्यापलीकडं पाहा. स्वाराची मान खाली गेली की खांदे पुढं झुकतात, वजन घोड्याच्या मानेवर येतं, मांड्यांची पकड सुटते. घोड्याला पाठीवरून एकच निरोप पोचतो, की हिला खात्री नाही. मग तो उडी का घेईल? त्याचं थांबणं शहाणपणाचं होतं. मला हे तिच्या तोंडून ऐकताना अभिमान वाटला. पडल्यावर दोष कुठं ठेवायचा हे ज्याला समजलं, त्याचं निम्मं शिक्षण झालं.

हाड सांधल्यावर ती नागपूरला परतली, आणि पहिले तीन आठवडे खोगिरावर बसलीच नाही. रोज सकाळी घोड्याला हातात धरून चालवायची. आधी मोकळ्या मैदानात, मग दांड्यांजवळून, मग त्याच्याबरोबर थांबून दांडा हुंगू द्यायचा. दोघांनी मिळून तो दांडा पुन्हा ओळखीचा करून घेतला.

दिवाळीतल्या एका रात्री अंगणात बसून तिनं मला 'स्नोमॅन'ची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला नांगराचा घोडा. 1956 साली लिलावात कोणी घेतला नाही म्हणून खाटकाच्या गाडीत चढवला होता. हॅरी डी लेयर नावाच्या डच माणसानं 80 डॉलर देऊन तो उतरवून घेतला. पोरांना बसायला शांत घोडा हवा होता, एवढाच विचार. पुढं शेजाऱ्याला विकला, तर हा कुंपणावरून उड्या मारत परत घरी. तेव्हा डी लेयरनं ओळखलं. दोन वर्षांत तो नांगराचा घोडा देशातला अव्वल उडीचा घोडा ठरला. "त्याच्या छातीवर जोताचे घट्टे होते," ती म्हणाली. मी काहीच बोललो नाही. आमच्या गोठ्यात त्या वेळी दोन बैल बसल्या जागी रवंथ करत होते, दोघांच्या खांद्यावर घट्टे.

स्नोमॅनची गोष्ट मला इतकी का लागली याचा मी नंतर विचार केला. घोडा चमत्कारानं जिंकला म्हणून नाही. त्याला कोणीतरी नीट पाहिलं म्हणून. सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीला, तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथं माणसं घोड्याचे भोवरे बघतात, रंग बघतात, रेवाल चाल बघतात, आणि किंमत ठरवतात. आपल्या भीमथडी तट्टूला तर किती काळ कोणी जात म्हणूनही गणलं नाही. अलीकडे कुठं त्याची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद झाली. पाहणारा डोळा उशिरा येतो. तोवर घोडं आपलं काम करत असतं.

या घरात आता बातम्याही घोड्यांच्या वाचल्या जातात. 2025 ला पट्टायात आशियाई अजिंक्यपद झालं. तिथं आशिष लिमये यांनी 'विली बी डन' या घोड्यावरून इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण. इव्हेंटिंग म्हणजे तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे हुकमी चालीची परीक्षा, मग रानातली क्रॉस-कंट्री दौड, आणि बहुधा शेवटी हे दांडे. दमलेल्या घोड्याला शेवटी पुन्हा नाजूकपणे पाय उचलायला लावायचं. पुतणीनं फोनवरून मला ती बातमी वाचून दाखवली तेव्हा तिचा आवाज चढला होता. मराठी आडनाव होतं म्हणून मलाही आनंद झाला. त्याआधी 2023 ला हांगझोऊच्या आशियाई खेळांत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आलं, 41 वर्षांनी घोडेस्वारीतलं सोनं, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. दोन मुली होत्या. हा असा खेळ आहे जिथं ऑलिम्पिकमध्येही बाई आणि पुरुष एकाच रांगेत उतरतात. उडीच्या स्पर्धेत बायकांना 1956 पर्यंत थांबावं लागलं, पण तेव्हापासून वेगळी ओळ नाही. तिच्या आईला मी हे सांगितलं. त्यानंतर ती पोरीला फोनवर "जपून" एवढंच म्हणते, "नको" म्हणत नाही.

नागपूरच्या मुक्कामात दुसऱ्या दिवशी उड्यांचा सराव होता. आठ अडथळे मांडले होते. ती आधी पायी चालून आली. वावरात पाहिलेलं तेच चालणं, तेच हलणारे ओठ. मग घोड्यावर बसून आत आली. एक गोल फेरी, आणि पहिल्या दांड्याकडं वळली. घोड्याचे कान पुढं झाले. तीन, दोन, एक, आणि तो उठला. पुढचे पाय छातीशी दुमडले, तिचे हात त्याच्या मानेबरोबर पुढं गेले, लगाम सैलही नाही, ताणलेलाही नाही. पलीकडं उतरला तेव्हा मातीचा एक गच्च आवाज आला. माझ्या हातांनी आपोआप टाळी वाजवली.

घोड्याचा एक कान माझ्याकडं वळला. फक्त एक कान, क्षणभर. पुढच्या ऑक्सरला तो एक बोटभर उशिरा उठला. मागचा खूर लागला. दांडा कपात हलला, थरथरला आणि पडला.

फेरी संपल्यावर ती घोडा चालवत माझ्याजवळ आली. रागावली नाही. घोड्याच्या घामेजल्या मानेवर थोपटत म्हणाली, "मोठेबाबा, मधात नका वाजवू. एक दांडा मागं पडला की त्याले पुढचा ऐकायचा रायते."

बांबू अजून वावरात धुऱ्यालगत पडले आहेत, मी उचललेले नाहीत. तुम्ही कधी नागपूरला, पुण्याला, मुंबईत महालक्ष्मीला ही स्पर्धा पाहायला गेलात, तर एवढं कराच. शेवटचा दांडा मागं पडेपर्यंत हात आवरा. टाळ्या त्यानंतर, कितीही वेळ.